दुखणे अंगावर काढणे

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात दिलेले भाषण)



वर्धापनदिनाला चार शब्द बोला, असे चिटणीसबाईंनी मला सांगितले तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. मी डॉक्टर नाही, वैद्यही नाही. मी कशावर बोलणार? तर त्या म्हणाल्या, "तुमच्या पाठीवर बोला. तिच्याइतका अनुभव आमच्यापैकी कुणाच्याच गाठीशी नाही." थट्टाच होती ती, पण घरी गेल्यावर मनात आले, की त्या काही अगदी चूक बोलल्या नाहीत. आपल्या भजनाच्या दिवशी सतरंजीवरून उठताना किती जणींच्या तोंडून "आई गं" निघते, ते मी गेल्या खेपेस मुद्दाम मोजले. चौदा जणी होतो, त्यांपैकी नऊ जणींच्या तोंडून निघाले. उठल्यावर साऱ्याजणी विठोबासारखे कमरेवर हात ठेवून क्षणभर उभ्या राहिल्या, आणि मग जणू काही झालेच नाही अशा थाटात प्रसाद वाटू लागल्या.

आपल्या भाषेत याला एक शब्दप्रयोग आहे : दुखणे अंगावर काढणे. लहानपणी मला वाटे की हा गुणच आहे. माझी आई पाठीला पदर करकचून बांधून दळण, धुणे, पाणी सारे करीत असे आणि कुणी विचारले तर "काही नाही, जरा उसण भरली आहे" एवढेच म्हणे. तिची पाठ किती दुखत होती ते आम्हां मुलांना कधीच कळले नाही. मीही तेच शिकले. त्याचे काय झाले, ते आज तुम्हांला सांगणार आहे. त्यात एक गोष्ट माझ्या स्वतःच्या मूर्खपणाची आहे, आणि दुसरी त्याहून वाईट आहे. ती शेवटी सांगेन.

२०१६ सालच्या दिवाळीच्या आधी साफसफाई करताना मी गादी उलटायला गेले आणि कमरेत असे काही चमकले, की मी तिथेच पलंगाची कड धरून बसले. आठ दिवसांत बरे वाटेल असे सगळे म्हणाले. बहुतेकांना वाटतेही. मला वाटले नाही. आठाचे पंधरा झाले, पंधराचे दोन महिने. त्या दोन महिन्यांत मी जमेल तेव्हा आडवी पडून राहिले, कारण "पाठीला विश्रांती हवी" हे आपण सर्वांनीच ऐकलेले असते. उठले की दुखे, म्हणून पुन्हा पडे. पडून राहिल्याने अंग आखडे, म्हणून उठले की आणखी दुखे.

मग गोळीचा शोध लागला. कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात जाऊन "पाठीसाठी काहीतरी द्या" म्हटले, की एक पाकीट मिळे. चिठ्ठी कुणी मागितली नाही आणि मीही ती दाखवावी असे मनात आणले नाही. पहिल्या गोळीने अर्ध्या तासात पाठ हलकी झाली. मला तर देवच भेटल्यासारखे वाटले! मग सकाळी एक, रात्री एक. गौरी-गणपतीत दुपारची तिसरी. पाकीट मी डाळीच्या डब्यामागे ठेवीत असे, म्हणजे घरात कुणी विचारायला नको. असे जवळजवळ दीड वर्ष चालले. मग एके दिवशी सकाळी ओट्यापाशी उभी असताना डोळ्यांपुढे अंधारी आली. त्याच्या आधीचे चार दिवस शौचास डांबरासारखे काळे होत होते. ते मी लोहाच्या गोळीवर ढकलले होते. रुग्णालयात नेल्यावर कळले की जठरात व्रण होऊन आतल्या आत रक्त जात होते. दोन बाटल्या रक्त चढवावे लागले.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारले, "या गोळ्या किती दिवस घेत होता?" मी खरे सांगितले. शेजारी आमचे हे उभे होते. ते काही बोलले नाहीत. घरी आल्यावर एवढेच म्हणाले, "अगं, तू सांगितलेच नाहीस, तर मला कळणार कसे?" त्या वाक्याने मला व्रणापेक्षा अधिक लागले.

असे का झाले, ते मी मागाहून समजून घेतले. आपल्या अंगाला कुठे इजा झाली की तिथे काही द्रव्ये तयार होतात. त्यांना प्रोस्टाग्लँडिन म्हणतात. त्यांच्यामुळे सूज येते आणि दुखणे वाढते. ॲस्पिरीनच्या जातीची औषधे ही द्रव्ये तयारच होऊ देत नाहीत, हे इंग्लंडमधील जॉन व्हेन यांनी १९७१ साली दाखवून दिले आणि पुढे १९८२ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक ही सारी त्याच कुळातली. पण याच द्रव्यांकडे दुसरीही कामे आहेत. जठराच्या आतल्या अस्तराचे ती रक्षण करतात आणि मूत्रपिंडाला रक्त पुरते मिळेल याची काळजी घेतात. दारातला भांडखोर गडी काढून टाकावा आणि मग कळावे, की रात्री तिजोरीवर पहारा करणाराही तोच होता, तसा हा प्रकार आहे.

गिधाडांची हकिकत तुमच्यापैकी काहींनी वाचली असेल. एकेकाळी आपल्याकडे गावोगाव दिसणारी गिधाडे दिसेनाशी झाली. दुखणाऱ्या गुरांना डायक्लोफेनॅक देत, ते गुरू मेले की गिधाडे त्याचे मांस खात आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी होत. म्हणून २००६ साली सरकारने जनावरांसाठी हे औषध बंद केले. माणसाचे शरीर गिधाडापेक्षा वेगळे आहे आणि हे औषध डॉक्टर अजूनही देतात, योग्य कारणासाठी देतात. तेव्हा कुणी घाबरून जाऊ नये. परंतु जे औषध एवढे करू शकते, ते डाळीच्या डब्यामागे लपवून घेण्यासारखे नाही, एवढे मात्र माझ्या मनाशी पक्के झाले.

तेव्हा गोळीविषयी माझा अनुभव थोडक्यात असा. गोळी वाईट नाही. डॉक्टरांनी सांगितलेली, थोडे दिवस, पोटात अन्न असताना घेतलेली गोळी आपल्याला हलते-फिरते करते, आणि तिचे खरे काम तेच आहे. पण साठी उलटलेली असेल, रक्तदाब, मधुमेह, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा विकार असेल, दमा असेल, रक्त पातळ करणारे औषध चालू असेल किंवा पूर्वी जठरात व्रण झालेला असेल, तर हे सगळे आधी सांगितलेच पाहिजे. पाकिटावरची बारीक अक्षरेही वाचावीत. नावे निराळी आणि आत औषध एकच, असे पुष्कळदा असते. दोन वेगळ्या पाकिटांतून आपण एकच औषध दुप्पट घेत असतो. पॅरासिटामॉल जठराला सौम्य असते, पण तेही सर्दीच्या, तापाच्या आणि अंगदुखीच्या कितीतरी गोळ्यांत असते आणि अति झाले तर यकृताला अपाय करते. शिवाय पाठीवर त्याचा फारसा इलाज चालत नाही. २०१४ साली ऑस्ट्रेलियात सोळाशेहून अधिक नव्याने पाठ धरलेल्या माणसांवर प्रयोग झाला. त्यात पॅरासिटामॉल घेणारे आणि नुसती साधी, औषध नसलेली गोळी घेणारे सारख्याच दिवसांत बरे झाले.

काही जणींना डॉक्टर झोपताना घ्यायला अगदी लहान मात्रेची निराळीच गोळी देतात, आणि ती मनाच्या विकारावरची आहे हे कळले की घरात गहजब होतो. माझ्या जावेचे असेच झाले. "मला काय वेड लागले आहे?" म्हणून ती रडली. वास्तविक मज्जातंतूंच्या दुखण्यावर, म्हणजे पायात मुंग्या येणे, जळजळणे, विजेसारखी कळ जाणे यांवर अशी औषधे लहान मात्रेत देतात. त्यांनी गुंगी येते, तोल जातो, म्हणून रात्री उठताना जपावे लागते. आपल्या मनाने ती एकदम बंदही करू नयेत. आणि ट्रॅमाडॉलसारखी जी अफूच्या गुणाची औषधे आहेत, त्यांची सवय लागते. म्हणूनच २०१८ पासून आपल्याकडे ट्रॅमाडॉल अंमली पदार्थांच्या कायद्याखाली आणले आहे. शेजारणीला उरलेली गोळी देण्याचा आपला प्रेमळ रिवाज निदान या बाबतीत तरी मोडलेला बरा!

आता विश्रांतीकडे वळते. मी दोन महिने पडून राहिले ते चुकलेच. १९९५ साली फिनलंडमध्ये हेलसिंकी शहराच्या नगरपालिकेतील नोकरांवर एक पाहणी झाली. नुकतीच पाठ धरलेल्या काही जणांना दोन दिवस झोपून राहायला सांगितले, काहींना पाठीचे व्यायाम दिले, आणि काहींना सांगितले की झेपेल तेवढी रोजची कामे करीत राहा. सर्वांत लवकर बरे झाले ते हे तिसरे. आपल्या आयांना घरकामाने उसंत दिली नाही, त्यात त्यांचे हाल झाले हे खरेच. पण अंथरूण धरून बसणे हाही उपाय नव्हे.

मला व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी पहिल्या दिवशी एकच प्रश्न विचारला, "बरे वाटते त्या दिवशी तुम्ही काय करता?" मी म्हटले, "राहिलेली सारी कामे उरकते." त्या हसल्या. म्हणाल्या, "आणि पुढचे दोन दिवस?" पुढचे दोन दिवस मी आडवीच असे! त्यांनी सांगितले की दुखण्यावरून नव्हे, घड्याळावरून काम करा. बरे वाटो की न वाटो, रोज ठरलेले तेवढेच. पहिल्या आठवड्यात मी गल्लीच्या तोंडापर्यंत चालत असे. मग पोस्टापर्यंत. मग मारुतीच्या देवळापर्यंत. तिथवर पोचायला मला तीन महिने लागले. चालण्याने दुखणे लांबते, हेही तपासून पाहिलेले आहे. २०२४ साली ऑस्ट्रेलियातीलच एका प्रयोगाचे निष्कर्ष छापून आले. पाठदुखीतून नुकत्याच उठलेल्या ७०१ माणसांपैकी काहींना चालण्याचा क्रम हळूहळू वाढवून दिला आणि त्यांच्याशी दुखण्याविषयी नीट बोलणे केले. चालणाऱ्यांना पाठीने पुन्हा धरले ते सरासरी २०८ दिवसांनी. न चालणाऱ्यांना ११२ दिवसांनी. चालण्याला पैसा पडत नाही. चपला मात्र चांगल्या हव्यात.

योगासनांविषयी विचाराल तर तीही उपयोगी आहेत. फक्त ती आपल्या पाठीला पाहून शिकवणाऱ्याकडून शिकावीत. दूरदर्शनवर कुणी वीस वर्षांची मुलगी कमरेत वाकून डोके गुडघ्याला लावते, ते पाहून साठीच्या बाईने लावायला जाऊ नये.

आणखी एक भीती पुष्कळ जणींना असते, ती चित्राची. एमआरआय काढला की त्यावर चकती सरकली, चकती झिजली, असे लिहून येते आणि बाई हादरते. आपला कणा म्हणजे तडा गेलेली बरणी, असे समजून ती वाकणेच सोडते. मीही हादरले होते. मग कळले, की पाठ मुळीच न दुखणाऱ्या माणसांची अशी चित्रे काढली, तर पन्नाशीच्या लोकांत शंभरातल्या ऐंशींच्या चकत्या झिजलेल्या दिसतात. केस पांढरे होतात तशी चकतीही झिजते. चित्रावरचा शब्द आणि आपले दुखणे यांची सांगड दर वेळी बसतेच असे नाही. ती डॉक्टरांनी तपासून घालावी लागते.

तेल आणि शेक यांच्याविषयी मला कुणी काही वाईट बोलायला सांगू नका; ते मी सोडलेले नाहीत. शेकाने आखडलेले स्नायू सैल होतात आणि चोळण्याने तात्पुरते तरी बरे वाटते, यात खोटे काही नाही. मूल पडले की आपण पहिल्यांदा तिथे हात फिरवतो. तो हात का गुण देतो, याचा विचार १९६५ साली मेल्झॅक आणि वॉल या दोन शास्त्रज्ञांनी मांडला. दुखण्याचा निरोप मेंदूकडे जाताना पाठीच्या कण्यात जणू एक दार असते, आणि स्पर्शाचा निरोप मध्ये आला की ते दार थोडे लोटले जाते, असे त्यांनी म्हटले. मला ते एकदम पटले. मात्र निर्गुडीच्या तेलाने चकती जागेवर जाते असे कुणी सांगितले, तर मान हलवावी आणि पुढे जावे. कमरेच्या पट्ट्याची गोष्टही तशीच. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली जुन्या पाठदुखीविषयी मार्गदर्शन प्रसिद्ध केले. त्यात व्यायाम, माहिती, मालिश, मनाला बळ देणारे उपचार यांची शिफारस आहे. पट्टे, वजने लावून ओढणे आणि अफूच्या गुणाची औषधे नेहमीसाठी वापरू नयेत असे सांगितले आहे.

मात्र बिननावाच्या पुड्यांपासून दूर राहा. "जडीबुटी आहे, अपाय नाही" म्हणून मिळणाऱ्या अशा भुकट्यांत स्टिरॉइड मिसळलेले अनेकदा सापडले आहे. चार दिवसांत चमत्कार होतो. मग तोंड सुजते, साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात. आणि कुणी घेतच असेल, तर तिनेही ती एकदम बंद न करता आधी डॉक्टरांना दाखवावी.

एक गोष्ट मला सर्वांत उशिरा कळली. दुखणे जुने झाले की ते चोर गेल्यावरही भुंकत राहणाऱ्या कुत्र्यासारखे होते. पाचोळा हलला तरी ते भुंकते. झोप झाली नाही, घरात काही वाजले, काळजी लागली, की माझी पाठ त्या दिवशी जास्त दुखते. म्हणून दुखणे खोटे असते असे नव्हे. ते पुरते खरे असते. पण अशा वेळी आतले काही मोडले म्हणून घाबरण्याऐवजी मी आधी आपली झोप पाहते आणि मग देवळापर्यंत जाऊन येते.

आता ती दुसरी गोष्ट. बरी झाल्यावर मला शहाणपण आले, आणि शहाणपण आले की माणूस ते वाटत सुटतो. आमच्या शेजारच्या वहिनींची पाठ दुखू लागली. मी त्यांना म्हटले, "घाबरू नका, चाला, शेक घ्या." त्या रोज माझ्याबरोबर देवळापर्यंत येऊ लागल्या. त्यांना रात्री झोपेतून उठवील असे दुखत होते, संध्याकाळी अंग कोमट लागे, लुगडे सैल होऊ लागले होते. हे सारे त्या मला सांगत होत्या, आणि मी "चाला" म्हणत होते. पाच महिन्यांनी त्यांच्या पायांतला जोर गेला. मणक्याचा क्षय निघाला. वर्षभर औषधे घ्यावी लागली. ईश्वरकृपेने त्या बऱ्या आहेत, काठी घेऊन चालतात, आज या सभेत समोर बसल्या आहेत आणि ही हकिकत सांगायची परवानगी त्यांनीच मला दिली आहे. मला त्या कधी एका शब्दाने बोलल्या नाहीत. परंतु ते पाच महिने माझ्या मनावरून जात नाहीत.

म्हणून चालण्याचा उपदेश करण्याआधी मी आता हे विचारते, आणि तुम्हीही विचारा. रात्री, पडून असतानाही दुखते का? ताप येतो का? वजन कारण नसता उतरते आहे का? पूर्वी कधी कर्करोग झाला होता का? साधेसे पडल्यावर पाठ एकाएकी दुखू लागली का? पाळी गेलेल्या बाईचे ठिसूळ झालेले मणके नुसत्या वाकण्यानेही पिचतात. पायात जोर कमी वाटतो का? यांतले एकही असेल तर तेल नको, शेक नको, आधी डॉक्टर. आणि लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला, तर उद्याची वाट पाहू नका. त्याच घटकेला रुग्णालय गाठा. हे सांगायला बायका लाजतात, म्हणून मी मुद्दाम या व्यासपीठावरून मोठ्याने सांगते आहे.

बाकी बहुतेकींचे दुखणे या जातीचे नसते, ते माझ्यासारखे असते : पुरते जात नाही, पण सांभाळता येते. माझी पाठ आजही दुखते. मी ओट्यापाशी उभी राहताना एक पाय लहान पाटावर ठेवते, आलटून पालटून. बादली अर्धीच भरते. चादरी आमचे हे पिळतात. पहिले काही दिवस त्यांना ते शेजाऱ्यांनी पाहू नये असे वाटे, आता ते गॅलरीत उभे राहून पिळतात. गोळी महिन्या-दोन महिन्यांतून कधीतरी लागते. व्रण होऊन गेल्यामुळे ती डॉक्टरीणबाईंना विचारून, पोटाच्या गोळीबरोबर घेते, आणि डबा आता सर्वांना दिसेल असा फळीवर असतो.

मंडळाला माझी एक लहानशी सूचना आहे. भजनाच्या दिवशी अर्धा तास आधी जमावे आणि सगळ्याजणींनी मिळून देवळापर्यंत चालून यावे. ज्या येणार नाहीत, त्यांच्या घरी जाऊन "का आला नाहीत?" असे विचारावे, आणि उत्तर "काही नाही" आले तर तिथेच न थांबता आणखी एकदा विचारावे.

 आता सतरंजीवरून उठायचे आहे. शेजारणीला हात द्या, आणि तिच्या तोंडून "आई गं" निघाले, तर ऐकले नाही असे करू नका.